श्वास सर्वांचा, सवड मोजक्यांची

योगाभ्यास पक्का करण्यासाठी आठ-दहा दिवस घरदार सोडून एखाद्या केंद्रात जाऊन राहणे ही गोष्ट महाराष्ट्रातील मध्यमवर्गाला आता नवी राहिलेली नाही. लोणावळा, नाशिक, पुणे, इगतपुरी ही नावे अनेक कुटुंबांत तीर्थक्षेत्रांच्या नावांसारखी घेतली जातात. निवृत्त शिक्षक जातात, बँकेतील कर्मचारी जातात, संगणकासमोर दहा-बारा तास मान वाकवून बसणारी तरुण मुले-मुली जातात. आपल्या चळवळीतील कार्यकर्तेही जातात, मात्र ते बहुधा कोणाला न सांगता जातात. शिबिराला गेलेल्या सहकाऱ्याची ‘स्वामी झाला’ म्हणून थट्टा होते, आणि थट्टा करणारा स्वतः पाठदुखीने हैराण असला तरी त्याला त्यात विसंगती वाटत नाही. एका बाजूला हा उपहास आणि दुसऱ्या बाजूला मूक अनुनय, या दोन टोकांच्या मध्ये एका महत्त्वाच्या सामाजिक प्रश्नाचा विचार राहून गेला आहे. शरीर व श्वास यांचे शिक्षण कोणाच्या वाट्याला येते आणि कोणाच्या येत नाही, हा तो प्रश्न होय.

प्रथम शिबिरात नेमके काय साधते हे नीट समजून घेतले पाहिजे. आठवड्यातून दोनदा तासभर वर्गाला जाणाऱ्या माणसाला आसने येतात, पण ती बहुधा अनुकरणाने येतात. हात कुठवर गेला याकडे त्याचे लक्ष असते. श्वास कुठे अडकला याकडे नसते. शिबिरात पहाटे उठणे, जलनेतीसारख्या शुद्धिक्रिया, रिकाम्या पोटी आसने व प्राणायाम, हलका आहार, दुपारची विश्रांती, सायंकाळी पुन्हा अभ्यास असा क्रम सलग काही दिवस चालतो. या सलगतेमुळे तिसऱ्या-चौथ्या दिवशी स्नायूंचा ताठरपणा ओसरू लागतो आणि शिक्षकाला प्रत्येकाच्या चुका दिसू लागतात. छाती फुगवून घेतलेला श्वास आणि श्वासपटल खाली नेऊन घेतलेला श्वास यांतील भेद पुस्तक वाचून कळत नाही. तो कोणीतरी जवळ बसून दाखवावा लागतो.

निरोगी प्रौढ माणूस विश्रांतीच्या अवस्थेत मिनिटाला साधारणपणे बारा ते वीस वेळा श्वास घेतो. सावकाश प्राणायामात ही गती पाच-सहापर्यंत उतरते. श्वास बाहेर सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, आत घेताना किंचित वाढते. रेचक दीर्घ केला म्हणजे शरीराला विश्रांतीकडे नेणाऱ्या मज्जासंस्थेचा प्रभाव वाढतो. मिनिटाला सहा श्वास या लयीचा रक्तदाबाच्या व हृदयाच्या नियमनाशी निकटचा संबंध असल्याचे एक निरीक्षण २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले. मंत्राचा जप करणाऱ्यांत आणि ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना म्हणणाऱ्यांत श्वासाची गती सारखीच उतरत होती, हे त्यातील लक्षात ठेवण्यासारखे आहे. श्वासाला धर्म नसतो, ही गोष्ट तेथे उपकरणांनी नोंदवली गेली.

हठयोगाची परंपरा याबाबतीत सावधच होती. पतंजलीच्या योगसूत्रांत आसनाला जेमतेम तीन सूत्रे आहेत आणि प्राणायामाला पाच. आसन स्थिर व सुखावह असावे एवढीच तेथे अपेक्षा आहे. पुढे हठयोगप्रदीपिकेने प्राणायामाचा विस्तार केला, पण तोही घाई न करण्याची ताकीद देऊनच. हिंस्र पशूला जसे हळूहळू वश करावे तसेच प्राणाला करावे, नाहीतर तो साधकाचाच घात करील, अशा आशयाचा इशारा त्या ग्रंथात आहे. उच्च रक्तदाबाच्या माणसाने कुंभकाचा हट्ट धरू नये, गर्भवतीने आणि अंतर्गळ वा हृदयविकार असणाऱ्याने कपालभाती व भस्त्रिका करू नये, काचबिंदूच्या रोग्याने शीर्षासनाच्या वाटेला जाऊ नये, हे आजच्या शिक्षकाला माहीत असलेच पाहिजे. हजारो माणसे मैदानात बसवून व्यासपीठावरून एकच आज्ञा सोडणाऱ्या मेळाव्यात ही काळजी कोण घेणार? शिबिराची खरी कसोटी शिक्षकामागे किती माणसे आहेत यात आहे.

महाराष्ट्रात योगाचा आधुनिक इतिहास मोठा आहे आणि त्याचा उगम राष्ट्रीय चळवळीच्या वातावरणात आहे. १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद हे मूळचे जगन्नाथ गणेश गुणे. बडोद्याला राजरत्न माणिकराव यांच्याकडे त्यांनी व्यायामाचे शिक्षण घेतले. नर्मदाकाठी मालसर येथे परमहंस माधवदासजी यांच्याकडे ते योग शिकले, आणि अमळनेरच्या खानदेश एज्युकेशन सोसायटीत त्यांनी राष्ट्रीय शिक्षणाचे काम केले. त्याच अमळनेरला पुढे साने गुरुजी शिक्षक झाले. कुवलयानंदांनी नौलि व उड्डियान करताना शरीरात काय घडते हे क्ष-किरण आणि दाबमापक लावून पाहिले आणि त्याच १९२४ साली सुरू केलेल्या ‘योग-मीमांसा’ या नियतकालिकात ते प्रसिद्ध केले. १९२७ साली महात्मा गांधींनी आपल्या प्रकृतीबाबत त्यांचा सल्ला घेतला.

कुवलयानंदांचे वैशिष्ट्य त्यांच्या प्रामाणिकपणात होते. प्राणायामाने शरीराला भरमसाट जादा प्राणवायू मिळतो, ही समजूत तेव्हाही होती, आजही आहे. त्यांनी ती तपासली आणि तसे घडत नाही असे आपल्याच नियतकालिकात मांडले. प्राणायामाचे मोल दाबाच्या बदलांत आणि मज्जासंस्थेवरील परिणामांत शोधावे, अशी त्यांची दिशा होती. ज्याचा आपण पुरस्कार करतो त्याच्याबद्दलची खोटी प्रौढी आपणच खोडून काढावी, हा बाणा आज योगाच्या नावाने बोलणाऱ्यांत कितीसा उरला आहे?

दुसरे उदाहरण औंधचे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला आणि आपल्या संस्थानातील शाळांत तो नित्याचा केला. संस्थान लहान व गरीब होते, पण सूर्यनमस्काराला लागते काय? हातभर रुंद नि पुरुषभर लांब जागा आणि काही मिनिटे. याच राजाने १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्याने राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपवणारी घटना स्वीकारली. सक्तीने सर्वांना नमस्कार घालायला लावणे आज कोणी मान्य करणार नाही, करूही नये. परंतु शरीरशिक्षण ही सार्वजनिक शाळेची जबाबदारी आहे आणि ती विनामूल्य पार पाडता येते, एवढी गोष्ट औंधने दाखवून दिली.

या दोन उदाहरणांच्या शेजारी आजची बाजारपेठ ठेवून पाहावी. गोव्याच्या किनाऱ्यावर आणि हृषीकेशला गंगेच्या काठी हंगामभर योगशिबिरे भरतात. त्यांचे दर डॉलर आणि युरोमध्ये लावलेले असतात. तेथे दोनशे तासांचा जो शिक्षक-अभ्यासक्रम सर्रास विकला जातो, त्याचा मापदंड १९९९ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या ‘योगा अलायन्स’ या संस्थेने रूढ केला आहे. विद्या येथली, घाम येथल्या स्वयंपाक्याचा नि सफाई कामगाराचा, आणि प्रमाणपत्राचे मोल ठरणार तिकडे. कच्चा माल वसाहतीने पुरवावा आणि भाव बाहेर ठरावा, हा अर्थशास्त्रातील जुना धडा येथे वेगळ्या वेशात पुन्हा भेटतो.

देशी बाजारही मागे नाही. पतंजली योगपीठ न्यासाच्या योगशिबिरांवर सेवाकर लागू होतो की नाही, हा वाद वर्षानुवर्षे चालला. घेतली जाणारी रक्कम देणगी आहे आणि शिबिरात रोगांवर उपचार होतो, असे न्यासाचे म्हणणे होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यायाधिकरणाने ते अमान्य केले. वेगवेगळ्या किमतीच्या प्रवेशपत्रिका, त्यांनुसार वेगवेगळ्या सवलती आणि व्यक्तिगत निदानाचा अभाव, या गोष्टींवर त्याने बोट ठेवले. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. कराचा मुद्दा वकिलांचा, पण त्यातील वस्तुस्थिती सर्वांनी ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्या साधनेत सर्वांनी जमिनीवर एका पातळीवर बसायचे, तिच्यातही पैशाप्रमाणे पुढच्या आणि मागच्या रांगा निर्माण झाल्या. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये योगकेंद्रे व व्यायामशाळा यांवरील वस्तू व सेवा कर अठरा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आणला गेला. जो मुळात फी भरू शकतो त्याला त्याचा दिलासा मिळाला. ज्याला फीच परवडत नाही त्याला करकपातीचा काय उपयोग?

शिबिर पैशाशिवाय चालूच शकत नाही, असे म्हणणाऱ्यांना मात्र इगतपुरीकडे बोट दाखवता येईल. ब्रह्मदेशातून १९६९ साली भारतात आलेल्या सत्यनारायण गोएंका यांनी विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरे सुरू केली आणि १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर ती नियमित भरू लागली. तेथे शिकवण्याची, राहण्याची वा जेवणाची फी घेतली जात नाही. आधी शिबिर केलेल्यांच्या दानातून आणि सेवेतून पुढच्यांचा खर्च चालतो. पद्धत योगाहून निराळी आहे. सुरुवातीच्या तीन-साडेतीन दिवसांत श्वासावर लक्ष ठेवायचे असते, त्याचे नियमन करायचे नसते. तिची सर्व तात्त्विक मांडणी प्रत्येकाला पटेलच असे नाही, आणि दहा दिवसांचे मौन प्रत्येकाच्या मनाला मानवेलच असेही नाही. पण आर्थिक व्यवहारापुरते बोलायचे तर कारखानदार आणि त्याचा कामगार एकाच पंगतीत बसू शकतील अशी व्यवस्था तेथे अर्धशतकाच्या आसपास टिकली आहे. श्रमदान करीत, पाळीपाळीने भांडी घाशीत भरवलेल्या सेवा दलाच्या शिबिरांची ज्यांना आठवण आहे, त्यांना या व्यवस्थेत परके काही वाटणार नाही.

तरीही एक गोष्ट उरतेच, आणि या साऱ्या प्रश्नाचा गाभा तिथेच आहे. फी माफ झाली तरी दहा दिवस कोठून आणायचे? महाराष्ट्र शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांना विपश्यना शिबिरासाठी रजेची सवलत दिली, ती योग्यच झाली. पण मंत्रालयातील अधिकाऱ्याला जी सवलत मिळते ती मंत्रालयाची फरशी पुसणाऱ्या कंत्राटी बाईला मिळत नाही. ऊसतोडीच्या हंगामात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. मुकादमाची उचल अंगावर असते आणि एक दिवस काम चुकले की ‘खाडा’ म्हणून पैसे कापले जातात. जिथे आजारी पडण्याला दंड आहे, तिथे श्वासावर लक्ष केंद्रित करण्यासाठी रजा मागायची कोणाकडे? योगशिबिरातील सर्वांत महाग वस्तू तेथली खोली नव्हे किंवा सात्त्विक जेवणही नव्हे. सर्वांत महाग वस्तू सवड ही आहे, आणि आपल्या समाजात जमिनीइतकीच तिची वाटणी विषम आहे.

सवडीचा हा लढा महाराष्ट्राला नवा नाही. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी आठवड्याच्या सुटीची मागणी लावून धरली, सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांना रविवारची सुटी मान्य करावी लागली. आठवड्यातील एक दिवस देहाला विसावा आणि समाजाच्या कामासाठी मोकळीक मिळावी, ही त्यांची भूमिका होती. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने वर्षात २४० दिवस काम करणाऱ्या कामगाराला दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजेचा हक्क दिला. पण देशातील बहुसंख्य श्रमिक असंघटित क्षेत्रात आहेत. शेतमजूर, घरकामगार, बांधकामावरचे बिगारी, मोटारसायकलवरून घरोघर माल पोचवणारी मुले यांच्यापर्यंत लोखंड्यांचा रविवारसुद्धा अद्याप पुरता पोचलेला नाही. तेव्हा योग सर्वांपर्यंत नेण्याची भाषा जे सरकार करते, त्याने आधी सुटी सर्वांपर्यंत नेली पाहिजे.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ११ डिसेंबर २०१४ रोजी २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून मान्य केला. १७७ देश त्या ठरावाचे सहप्रस्तावक होते. त्याच्या आदल्याच महिन्यात केंद्रात आयुष मंत्रालय स्वतंत्र झाले. २०१५ पासून दरवर्षी हा दिवस साजरा होतो, पुढारी आसने करतात, छायाचित्रे निघतात. यात वावगे काही नाही. वावगे आहे ते २२ जूनला. राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०१७ साली सार्वजनिक आरोग्यावरील खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांपर्यंत नेण्याचे ठरवले होते. ते उद्दिष्ट गाठले गेले नाही. दवाखान्यात डॉक्टर नसणे आणि मैदानात योगशिक्षक असणे यांची अदलाबदल होऊ शकत नाही. ‘आजारी पडूच नका, प्राणायाम करा’ असे जेव्हा सत्ताधारी सांगतात, तेव्हा रोगाची जबाबदारी ते हळूच रोग्याच्या माथ्यावर ठेवीत असतात.

श्वासाच्या बाबतीत तर हे फारच उघड दिसते. सूतगिरणीत कापसाच्या धुळीने फुप्फुसे धरतात. दगडखाणीत आणि खडी फोडण्याच्या यंत्रावर सिलिकाची धूळ छातीत कायमची जाऊन बसते. चुलीच्या धुरात बाईचे आयुष्य जाते. धूळ आवरणारी यंत्रणा बसवणे ही मालकाची कायदेशीर जबाबदारी असताना कामगाराला पूरक-रेचक शिकवून तिची भरपाई करता येणार नाही. धुळीच्या जागी दीर्घ श्वास घ्यायला शिकवणे म्हणजे अधिक धूळ घ्यायला शिकवणे होय. स्वच्छ हवेचा लढा हा प्राणायामाचा पहिला पाठ आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

योगाबद्दलचे दावेही याच कसोटीला लावले पाहिजेत. जुनाट कंबरदुखीवरील प्रयोगांचा ‘कॉक्रेन’ने २०१७ साली व नंतरही जो आढावा घेतला, त्यानुसार काहीच व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत योगाने अल्प का होईना फायदा होतो, पण कंबरेच्या इतर व्यायामांच्या तुलनेत फारसा फरक पडत नाही. हा निष्कर्ष योगाला कमीपणा आणणारा मुळीच नाही. बिनखर्ची, सर्व वयांना जमणारा व्यायाम इतर उपचारांच्या बरोबरीने उतरतो, ही मोठीच गोष्ट आहे. पुण्यात १९३७ साली आलेल्या बी. के. एस. अय्यंगार यांनी दोर, विटा, पट्टे, खुर्च्या यांचा उपयोग करून म्हाताऱ्या, दुबळ्या, अपंग माणसांनाही आसनांपर्यंत नेले. विद्येचे लोकशाहीकरण प्रत्यक्षात कसे दिसते याचा तो नमुना होय. अभ्यासाचे खरे मोल अशा कामांत आहे. कर्करोगापासून मधुमेहापर्यंत सर्व काही बरे करण्याच्या जाहिराती त्या मोलाला बट्टाच लावतात.

मग कार्यकर्त्यांनी काय करावे? ज्यांना जमेल त्यांनी शिबिराला अवश्य जावे, लपवून जाऊ नये. वर्षानुवर्षे एस.टी.चे प्रवास, अवेळी जेवण, रात्रीच्या बैठका आणि चहावर काढलेले दिवस यांनी आपले अनेक चांगले साथी अकाली खचले. देह झिजवणे हा त्याग मानला गेला, पण त्याची किंमत चळवळीनेच मोजली. जाताना मात्र डोळे उघडे ठेवून जावे. शिक्षक प्रकृतीची चौकशी करतो का, औषधे बंद करायला सांगतो का, प्रश्न विचारलेले त्याला खपतात का, हे पाहावे. गुरुभक्तीच्या आडून स्त्रियांच्या शोषणाच्या तक्रारी देशात आणि परदेशांत पुढे आल्या आहेत. दहा वा अधिक माणसे कामाला असलेल्या कोणत्याही केंद्राला २०१३ च्या कायद्याप्रमाणे तक्रार समिती असणे बंधनकारक आहे. ती आहे की नाही हे विचारण्यात संकोच कसला?

शिकून आलेल्याने ते स्वतःपाशी ठेवू नये. युनियनचे कार्यालय, ग्रंथालयाची गच्ची, नगरपालिकेच्या शाळेचे सभागृह येथे सकाळी तासभर विनामूल्य वर्ग चालवता येतो. अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या, सफाई कामगार, वीटभट्टीवरची माणसे यांच्यासाठी वर्षातून एखादे तीन दिवसांचे निवासी शिबिर, वर्गणीतून आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई देऊन, भरवणे अशक्य नाही. श्लोक म्हणायचा की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. मुसलमान, ख्रिस्ती, बौद्ध वा नास्तिक साथीला परकेपणा वाटेल असे तेथे काही असू नये. याबरोबरच काही मागण्या लावून धरल्या पाहिजेत : असंघटित कामगारांना भरपगारी साप्ताहिक सुटी व वार्षिक रजा, ऊसतोडीतील खाड्याची पद्धत बंद, प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरच्या जोडीला नियमित वेतनावरचा प्रशिक्षित योगशिक्षक, आणि धुळीच्या उद्योगांत कायद्याची कडक अंमलबजावणी.

समतेच्या चळवळीने भाकरीचा विचार केला, जमिनीचा केला, शाळेचा केला. थकलेल्या देहाच्या विसाव्याचा आणि मोकळ्या श्वासाचा विचार तिने बाजाराकडे व बुवांकडे सोपवून टाकला, म्हणूनच त्यांचे फावले. हे क्षेत्र पुन्हा आपलेसे करायचे तर आरंभ लोखंड्यांच्या अपुऱ्या राहिलेल्या मागणीपासूनच करावा लागेल. येत्या १० जूनला गावोगावी असंघटित कामगारांच्या सुटीसाठी सभा घ्याव्यात, आणि अकरा दिवसांनी येणारा योग दिन त्याच कामगारांच्या वस्तीत, त्यांच्याबरोबर जमिनीवर बसून पाळावा.